कमी चाललेली गाडी

गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत इंजिन ऑइलच्या रकान्यात साधारण अशी ओळ असते: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी होईल ते. आकडा कंपनीप्रमाणे थोडा मागेपुढे होतो. पण ओळीचा पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि दुसरा पुस्तिकेतच राहतो. ‘अजून तीन हजारसुद्धा झालं नाही रनिंग, सर्व्हिसिंग कशाला?’ हे वाक्य पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकायला मिळतं. ऑफिसला जायला लोकल, मेट्रो नाहीतर स्कूटर आणि किराणा घरपोच, म्हणजे गाडी उरते ती रविवारपुरती, लग्नकार्यापुरती आणि गणपतीला गावी जाण्यापुरती. एरवी ती कव्हर घालून उभी. मालकाची समजूत अशी की आपण गाडी जपतोय.

गाडीची झीज दोन तऱ्हेची असते. एक चालल्यामुळे होणारी: टायरची नक्षी, ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, बेअरिंग. ही झीज किलोमीटरच्या हिशेबात दिसते. दुसरी काळामुळे होणारी: रबर कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, कूलंटमधली गंजरोधक रसायनं संपतात, बॅटरीच्या प्लेटांवर थर बसतो, लोखंड गंजतं. हिच्यासाठी डॅशबोर्डवर काटा नाही. शिवाय यातल्या बऱ्याच गोष्टी गाडी चालती असताना सावकाश होतात आणि उभी असताना भराभर. आपल्याकडे पहिल्या झिजेची धास्ती फार, दुसरीचं भान फारच कमी.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी आजच्या मानाने अगदीच साधी. तरी दोन-दोन पाळ्यांत, भर ट्रॅफिकमध्ये, खाऱ्या हवेत ती वर्षानुवर्षं धावली. २००३ साली नोंद झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली ती टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. रोज चालणाऱ्या गाडीकडे रोज कुणीतरी बघतं, रोज तिचं ऑइल तापतं, रोज तिची बॅटरी भरते. तिचा फायदा इथे आहे.

उभ्या गाडीत पहिली मान टाकते ती बॅटरी. लहान पेट्रोल गाडीत सहसा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गाडी बंद करून लॉक केली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळे थोडी थोडी वीज घेतच असतात. हा खर्च ३० मिलिअँपिअर धरला, आणि तो अगदी निरोगी गाडीचा आकडा आहे, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाला थोडं कमी, महिन्याला एकवीस-बावीस. म्हणजे महिनाभरात अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असला की दोन आठवडे पुरतात. मग सकाळी निघताना चावी फिरवावी तर ‘टक् टक्’ एवढाच आवाज. सेल्फ घेतच नाही.

यावर घरोघरी एक उपाय चालतो: दर रविवारी खाली जाऊन गाडी चालू करायची, दहा मिनिटं जागच्या जागी ठेवायची आणि बंद करायची. हिशेब करून बघा. इंजिन जागेवर फिरत असताना अल्टरनेटरकडून बॅटरीला फार तर दहा-पंधरा अँपिअर मिळतात, म्हणजे दहा मिनिटांत दोन-अडीच अँपिअर-तास. आठवड्याचा खर्च पाच. तूट चालूच राहते, फक्त थोडी सावकाश. शिशाच्या बॅटरीचा आणखी एक दोष असा की तिला अर्धपोटी ठेवलेलं चालत नाही. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्जिंग झालं तर ते विरघळतं, पण तसंच राहिलं तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. म्हणून पूर्ण बसलेली बॅटरी एकदा जम्प स्टार्ट करून चालू झाली तरी पूर्वीसारखी होत नाही.

साधा मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. इंजिन चालू केल्यावर चौदाच्या आसपास आकडा आला तर अल्टरनेटर ठीक आहे. ही दोन मापं घेतली की ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी बॅटरी गळ्यात मारून घेण्याचा प्रसंग टळतो, कारण कैकदा बॅटरी चांगली असते आणि तिला भरणारा अल्टरनेटर आजारी असतो. महिनाभर परदेशी मुलाकडे जाणार असाल तर दहाचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. परत आल्यावर घड्याळ लावावं लागेल आणि दार हाताने उघडावं लागेल, एवढाच त्रास.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी इथे हसू नये. त्यांच्याही गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि दारं, स्क्रीन, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. ती बसली की तळाशी लाखो रुपयांची बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही.

जागेवर इंजिन चालवण्याचा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की दुसरं काय होणार? इंजिन तापलेलं असेल तर ही सगळी वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते. थंड इंजिनात मात्र ती भिंतींवर थिजते, थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते, थोडी सायलेन्सरच्या पोटात साचते. तिच्याबरोबर न जळलेलं थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये जातं. वीसेक मिनिटं गाडी नीट चालली की ऑइल तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. पण घर ते शाळा एक किलोमीटर, शाळा ते घर एक किलोमीटर अशीच गाडी चालत असेल तर ऑइल कधी तापतच नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापलं. ऑइलला त्यानंतरही बराच वेळ लागतो. अशा गाडीत ऑइल भरण्याचं झाकण उघडलं तर आतून पांढरट-पिवळा चिकट थर दिसतो, पावसाळ्यात विशेषच. थर फक्त झाकणाखाली असेल तर लांबची एक फेरी मारून आणा. डिपस्टिकवरही असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्यायला हवं. सायलेन्सर बाहेरून चकचकीत असताना आतून कुजून खाली का पडतो, याचंही उत्तर याच पाण्यात आहे.

डिझेलवाल्यांची गोष्ट याहून वाईट. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर बसला. तो भरला की साचलेली काजळी जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग वेगाने चालावी लागते. कोथरूड ते डेक्कन अशा फेऱ्यांत ते कधी जमणार? दिवसाला दहा किलोमीटर शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने डिझेल गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अॅव्हरेजमध्ये वाचवलेले पैसे फिल्टरमध्ये जातात.

पेट्रोलचं म्हणाल तर सध्या सगळीकडे इथेनॉलची चर्चा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांसाठी ती मोठी बाजारपेठ आहे, त्यामुळे आपल्याकडे या विषयावर बोलताना घरात एक ऊसवाला आणि एक गाडीवाला असे दोन पक्ष पडतात. गाडीवाल्याची तक्रार निराधार नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात ती घट सहा-सात टक्क्यांवर येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी अॅव्हरेजमधली घट एवढीच धरली होती. पंधराचं अॅव्हरेज चौदावर आलं तर दोष इंजिनाचा नाही. उभ्या गाडीच्या दृष्टीने मुद्दा निराळा आहे: इथेनॉल पाणी शोषतं. टाकी बंद असल्याने हे काही रातोरात होत नाही, व्हॉट्सॲपवर फिरतं तेवढं घाबरण्याचं कारण नाही. पण अर्धी रिकामी टाकी, चार महिन्यांचं जुनं पेट्रोल आणि मधे एक अख्खा पावसाळा, असं असेल तर पेट्रोलचे हलके अंश उडालेले असतात, ओलावा आत गेलेला असतो आणि गाडी चालू व्हायला कुरकुरते. दीर्घ काळ ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा; आत हवा कमी, ओलावा कमी.

टायरची तपासणी आपण नक्षी बघून करतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. खाचेत तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात, ते पृष्ठभागाशी सपाट झाले की समजायचं. पण कमी चाललेल्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर असते आणि तरी तो म्हातारा झालेला असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षं झाली की दर वर्षी तज्ज्ञाकडून बघून घ्या, बाजूला बारीक भेगा दिसल्या की बदला, नक्षी कितीही असो. डिकीतली स्टेपनी हा तर घरातला सर्वांत दुर्लक्षित सदस्य. बाकी चार टायर दोनदा बदलले जातात, ती मात्र शोरूमपासूनची. तिच्यात हवा आहे का हे कळतं ते रात्री अकरा वाजता, हायवेवर.

हवा दर महिन्याला एक-दोन पौंड आपोआप कमी होते. तीन महिने उभी राहिलेली गाडी ३२ ची २७ वर आलेली असते, आणि तेवढा फरक नुसत्या नजरेला दिसत नाही. अशा टायरने समृद्धी महामार्गावर सलग तासभर १२० चा वेग धरला की काय होतं? कमी हवेचा टायर दर फेऱ्याला खाली जास्त दबतो, त्याच्या बाजू जास्त वाकतात आणि या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. वरून ऊन, खालून तापलेलं काँक्रीट. टायर फुटण्यामागे हे मोठं कारण असतं. ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा, तापून वाढते’ हा सल्ला देणारा काका प्रत्येक नात्यागोत्यात असतो. तो चुकतो. दारावरच्या स्टिकरवर दिलेली हवा थंड टायरसाठी असते आणि तापल्यावर होणारी वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. नायट्रोजनबद्दल विचाराल तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर घ्या.

हे सगळं घाटात एकत्र येतं. सहा महिने पार्किंगमध्ये असलेली गाडी अचानक एके दिवशी पाच माणसं, चार बॅगा, डोक्यावर कॅरिअर अशी कोकणात निघते. चढाला कूलंटची परीक्षा, उताराला ब्रेकची.

कूलंटच्या टाकीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं असेल तर चढावर ते बाहेर पडतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण १०६-१०८ अंशांना उकळतं, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळाला की आणखी बरंच वर. नुसतं पाणी घातलं की हे अंतर आटतं, शिवाय बोअरच्या पाण्याचे क्षार आत जमतात. बोरघाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगताना काटा लाल रंगाकडे सरकू लागला तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण तो इंजिनाचीच उष्णता बाहेर फेकणारा एक छोटा रेडिएटर आहे आणि पुढच्या थांब्यापर्यंत तो गाडी तारून नेतो. तापलेल्या गाडीचं झाकण मात्र उघडू नका. दाब सुटताक्षणी आतलं द्रव उकळून अंगावर येतं. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा चेहरा, हात भाजतो तो असाच.

उतार जास्त धोक्याचा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून सावंतवाडीच्या बाजूला उतरताना गाडी साधारण ६०० मीटर खाली येते. माणसं-सामान धरून गाडीचं वजन १२०० किलो धरलं तर एवढ्या उतारात सत्तर लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. या उष्णतेत वीस लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ही उष्णता चार चाकांमधल्या काही किलो लोखंडात जाते. बीड तापतं, पॅड तापतात, आणि पॅडच्या मागे असलेलं ब्रेक ऑइल तापतं.

आता ब्रेक ऑइलचा स्वभाव बघा. त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ते पाणी शोषून घेणारं रसायन आहे, आणि नळ्यांच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून ते हवेतली दमट वाफ हळूहळू ओढत राहतं. गाडी चालली काय, उभी राहिली काय. नवं डॉट-३ ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट-४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५. कोकणपट्टीच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत चार-पाच वर्षं न बदललेलं ऑइल घाटात उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय पॅडलवर पडतो आणि पॅडल सरळ खाली जातं. ‘ब्रेक फेल झाला’ असं पंचनाम्यात लिहिलं जातं. थोड्या वेळाने ऑइल थंड झालं की ब्रेक पुन्हा लागतो, आणि गॅरेजमध्ये सगळं ठीकठाक निघतं. मालकावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दोन लक्षणांतला फरक ओळखता यायला हवा. पॅडल कडक आहे, जोर लावताय, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. पॅडल मऊ लागतंय, खोल जातंय, तर ऑइल उकळलंय. दुसऱ्या वेळी पॅडल भराभर दोन-चारदा मारलं तर थोडा दाब तयार होतो. लगेच खालचा गिअर, हँडब्रेक हळूहळू, आणि गाडी डोंगराच्या कडेला. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

मुळात ही वेळ येऊ द्यायची नसेल तर उपाय एसटीच्या ड्रायव्हरांना पाठ असतो: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिन चाकांना अडवतं आणि ब्रेकला मधे मधे थंड व्हायला वेळ मिळतो. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं ही कार्बोरेटरच्या काळातली कल्पना आजच्या गाड्यांना लागू नाही. गिअरमध्ये उतरताना इंजेक्शनचं इंजिन पेट्रोल पूर्ण तोडतं, कारण ते चाकांच्या जोरावरच फिरत असतं. न्यूट्रलमध्ये मात्र स्वतःला जिवंत ठेवायला त्याला पेट्रोल प्यावं लागतं. म्हणजे धोका पत्करून वर खर्चही जास्त. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरावा. इलेक्ट्रिक गाडी उतारावर उलट बॅटरी भरत येते, पण बॅटरीत जागा असेल तरच. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून शंभर टक्के चार्ज केली आणि सकाळी आंबेनळीने पोलादपूरकडे निघालात, तर पहिले काही किलोमीटर तो फायदा मिळत नाही आणि भार पुन्हा ब्रेकवरच येतो. डोंगरावर ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पुरे.

पावसाळ्यातल्या बाकीच्या खोड्या थोडक्यात. गाडी धुऊन किंवा पावसातून आणून लगेच हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवली तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिला गिअर आणि चाकाखाली वीट पुरते. प्लॅस्टिकचं कव्हर ओल धरून ठेवतं. त्यापेक्षा उघडी गाडी बरी. झाडाखाली लावत असाल तर बॉनेटच्या मागे, काचेखालच्या जाळीत साठलेला गुलमोहराचा कचरा काढत जा, नाहीतर तिथलं पाणी गाडीच्या आत उतरतं. उंदरांसाठी लोक तंबाखूच्या पुड्या, डांबरगोळ्या ठेवतात. त्यातल्या कशाचीही खात्री मी देणार नाही. रोज हलणाऱ्या, गरम होणाऱ्या इंजिनात मात्र उंदीर सहसा घर करत नाही. आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरून गाडी बुडाली असेल तर चालू करून बघण्याचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि पाणी गेल्यावर सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विम्यात सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

मग गाडी कमीच लागत असेल तर करायचं काय? आठवड्यातून एकदा, निदान पंधरवड्यातून, तिला अर्धा-पाऊण तास खऱ्या रस्त्यावर न्यायचं. एसी लावून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलना तेल मिळतं. आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेडिओ बंद ठेवायचा, कारण उभी राहिलेली गाडी त्या अंतरात बरंच काही सांगून जाते. पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली तर ती डिस्कवरच्या गंजाची, आपोआप जाते. धपधप जाणवली तर टायर एका जागी बसून चपटे झालेत. तापल्यावर गोल झाले तर ठीक, पाच-सात किलोमीटरनंतरही स्टिअरिंग थरथरत असेल तर टायर गेले. गाडी अडखळत, जड चालते आणि थांबल्यावर एकच चाक हाताला गरम लागतं, म्हणजे तिथला ब्रेक धरून बसलाय. गाडी डावीकडे ओढते अशी तक्रार घेऊन अलाइनमेंटला पळू नका. आपले रस्ते पाणी निचरण्यासाठी डाव्या कडेला उतरते असतात आणि कुठलीही निरोगी गाडी थोडी तिकडे झुकते. मोकळ्या, सपाट मैदानात तपासा. उजवीकडे ओढत असेल तर मात्र खरंच काहीतरी बिघडलंय.

कायदाही गाडीचं वय वर्षांतच मोजतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग मीटर दोन लाखांवर असो की तीस हजारांवर. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षं झालेल्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, तेही मीटर न बघताच. किलोमीटरचा विचार करणारी एक नवी सोय आहे ती विम्याची: जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने चालवाल तेवढा हप्ता या तत्त्वावरची जोड-योजना मान्य केली. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर फिरणाऱ्याने नूतनीकरणाच्या वेळी तिची चौकशी जरूर करावी; एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र सगळा भाव मीटरवर. ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, आठ वर्षांत फक्त २२,००० रनिंग’ अशी जाहिरात वाचून लोक लांबून येतात आणि घासाघीस न करता पैसे मोजतात. त्याच वयाची, हायवेवर ऐंशी हजार चाललेली, दर वर्षी सर्व्हिसिंग झालेली गाडी त्यांना थकलेली वाटते. माझ्या मते दुसरी गाडी बहुतेक वेळा चांगली असते आणि स्वस्तही मिळते. पहिलीत शोरूमचेच टायर, शोरूमचंच ब्रेक ऑइल, शोरूमचंच कूलंट आणि आठ वर्षांचा फॅन बेल्ट असण्याची शक्यता दाट. मीटर मागे फिरवलेला नसेल असं धरूनसुद्धा. अशी गाडी बघायला गेलात तर मीटरकडे नंतर बघा, आधी बिलं मागा आणि त्यांवरच्या तारखा वाचा. टायरवरचे चार आकडे वाचा, ब्रेक ऑइलचा रंग बघा. बिलं नसतील तर पाच टायर, बॅटरी, बेल्ट आणि सगळी ऑइलं बदलण्याचा खर्च कागदावर मांडा, तो सांगितलेल्या किमतीतून वजा करा, आणि मग सौद्याला बसा.